व्हा पुढे, मी येते

"डोंगरात थोरलीच्या मागून चालू नकोस. ती एकदा पुढे निघाली की मागे काय राहिलं ते बघत नाही."

निघायच्या आदल्या संध्याकाळी नातीला भरवता भरवता सासूबाई हे बोलल्या. धाकटीनं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. दोन सुना गळ्यात गळे घालून महिनाभर डोंगर तुडवायला निघाल्यात, हे कुठल्या सासूच्या पचनी पडलंय? काडी टाकली म्हातारीनं, असं तिनं रात्री नवऱ्याला हसत सांगितलंसुद्धा. नवरा हसला नाही. पण तो एरवीही विनोदाला उशिराच हसतो.

तशी धाकटी भित्री. चिंगी झाल्यापासून तर जास्तच. गॅस बंद केलाय ना हे उठून परत बघायचं, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघायचं, शेजारच्यांचा कुत्रा शिंकला तरी दार लावून घ्यायचं. "अशी घरात बसलीस तर पोरगीही घाबरट निपजेल," असं थोरलीच एकदा म्हणाली. थोरली म्हणजे मोठी जाऊ. डोंगर हेच जणू तिचं माहेर. भिंतीवर फोटो, कपाटात बिल्ले, आणि जेवताना गोष्टी: अमक्या शिखरावर वारा असा होता, तमक्या खिंडीत मी एकटीच. "चल माझ्याबरोबर. माणसात आणते तुला," ती म्हणाली आणि धाकटी हुरळली. मोठ्या जावेनं आपणहून हात पुढे केला तर कोण नाही म्हणेल?

ओझं दोघींनी वाटून घेतलं होतं. तंबूचं कापड थोरलीच्या पाठीवर, तंबूच्या दांड्या धाकटीच्या. शेगडी थोरलीकडे, गॅसचा डबा धाकटीकडे. "म्हणजे भांडण झालं तरी कुणाला पळून जाता यायचं नाही," थोरली म्हणाली होती, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. एक नियमही थोरलीनंच घालून दिला होता: वाटेला दोन फाटे फुटले, वाट फुटली, की पुढचीनं थांबायचं, मागची दिसेपर्यंत हलायचं नाही.

पहिला पंधरवडाभर सगळं छान चाललं. मग ती खिंड आली.

खिंडीच्या खाली एक गाव होतं. तिथे दोन दिवस मुक्काम करायचा, कपडे धुवायचे, पायांना विश्रांती द्यायची, पुढच्या टप्प्याचं सामान भरायचं असं ठरलेलं. लांबच्या वाटेवरचे सगळेच तिथे थांबतात. धाकटीला तर डोळ्यांपुढे फक्त गरम पाण्याची बादली दिसत होती. धुकं असं उतरलं होतं की स्वतःचे बूटही परक्याचे वाटावेत. टाचेवरचा फोड फुटला आणि मोजा आत चिकटला, म्हणून ती एका दगडावर बसली.

"ताई, तुम्ही व्हा पुढे, मी येते!"

"ये, ये!" धुक्यातून उत्तर आलं. थोरलीचा आवाज चांगला खणखणीत होता.

खिंड ओलांडली की वाट फुटते. तिथे कुणीच नव्हतं. धाकटी थांबली, हाका मारल्या, शिट्टी वाजवली. थोरली इथे नाही म्हणजे वाट अजून खरी फुटलेलीच नसणार, असा सरळ हिशोब तिनं केला आणि जी वाट जास्त मळलेली दिसली ती धरली. ती वाट मेंढरांची होती. घसरड्या दगडांत जाऊन ती संपली, आणि धाकटीचा घोटाही तिथेच मुरगळला. रात्र तिनं एका कपारीत काढली. पाठीवर दांड्या होत्या, कापड नव्हतं. गॅस होता, शेगडी नव्हती. दात वाजत होते, आणि त्या वाजणाऱ्या दातांनी ती घरी असलेल्या चिंगीशी बोलत राहिली: आई येते हं बाळा, आई येतेच.

सकाळी धुकं उठलं तेव्हा गावाची पत्र्याची छपरं चकाकताना दिसली. इतकी जवळ की तिला आधी हसू आलं आणि मग रडू.

लंगडत ती गावात शिरली तेव्हा ऊन वर आलं होतं. एकच सरळ रस्ता. बुटांचे तळ शिवून देणारा बूटवाला, औषधांचं दुकान, नाणं टाकून चालणाऱ्या धुलाईच्या यंत्रांचं दुकान, आणि शेवटी लॉज. लॉजच्या दारात चिखलाचे बूट रांगेनं मांडलेले, वर दोरीवर मोजे. त्यांत थोरलीचे मोजे होते. धुतलेले, जोडीजोडीनं चिमटे लावलेले. ते बघून धाकटीचा जीव भांड्यात पडला. पोहोचल्या बाई! काळजीनं अर्ध्या झाल्या असतील.

लॉजवाली गल्ल्याशी बसून वाटाणे सोलत होती. जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेली.

"मावशी, माझी जाऊ आलीय ना काल? निळं जॅकेट?"

"निळ्या जॅकेटवाल्या एक आल्यात. पण एकटीच आहे म्हणाल्या. एका कॉटची खोली दिलीय."

"एकटी नाही हो. मी मागे राहिले होते. मला शोधायला कुणी निघालंय का?"

लॉजवालीचा हात वाटाण्यांत थांबला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "कुणी हरवलंय असं त्या बोलल्याच नाहीत गं. काल चांगलं दोनदा वाढून घेऊन जेवल्या. आत्ता गेल्यात त्या ट्रेकिंगच्या ऑफिसात. तिथला मॅनेजर त्यांना नवख्या लोकांचा ग्रुप देणार आहे म्हणे, वर न्यायला."

धाकटीचा फोन कधीच मान टाकून बसला होता. तिनं लॉजवालीचा फोन घेतला आणि घरी लावला.

"उठलीस का गं?" नवरा म्हणाला. आवाजात नुसता लाड. "वहिनी म्हणाल्या, दमून मेल्यासारखी झोपलीयस. चिंगीनं फोनपाशी केवढा गोंधळ घातला काल! आई ऊठ, आई ऊठ, करून घसा बसवून घेतला तिनं. वहिनी म्हणाल्या, आईला उठवायचं नाही हं, आई शहाण्यासारखी झोपलीय."

फोनमध्ये घरातला पंखा ऐकू येत होता. चिंगी हाका मारत होती तेव्हा ती कपारीत होती, आणि त्या हाकांना थोरली परस्पर उत्तर देत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिच्या तर पायात आगच होती, ती वेगळी पेटवावी लागली नाही.

मग तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडायला लागला.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "मी म्हणते तेवढं कर. आत्ता त्यांना फोन करून विचार, मी कुठाय. जे सांगतील त्यावर हो म्हण. मग संध्याकाळी जेवणाच्या वेळी परत फोन कर. माझ्याशी बोलायचंय म्हण."

"तू कुठे असशील?"

"मी असेन."

लॉजवाली इतका वेळ ऐकतच होती, आणि ऐकत नाहीये असं दाखवायची तिनं तसदीही घेतली नाही. "मागच्या दारानं ये," ती म्हणाली. "माझ्या खोलीत आंघोळ कर. घोट्याला पट्टी बांधते. आणि त्यांना मी काही बोलत नाही. मेली, मला एकटी म्हणून सांगते!"

दुपारभर धाकटी मागच्या खोलीत पडून होती. गरम पाण्यानं आंघोळ झाली होती, पोट भरलं होतं, अंगावर लॉजवालीचा दोन माणसं मावतील असा गाऊन होता. झोप मात्र येत नव्हती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आता या बाईच्या मागून पुन्हा कुणी चालता कामा नये. आणि तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं, मी सोडून आले.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत दिवे लागले. लांब टेबलाशी मधोमध थोरली, शेजारी मॅनेजर, दोन-तीन वाटसरू, आणि एक मुलगी. दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसणारी, आयुष्यात पहिल्यांदाच डोंगरात आलेली. तिचे बूट कोरे, सॅक कोरी, टोपीला किमतीचा कागदसुद्धा तसाच लटकलेला. लॉजवालीनं तिचं नावच कोरी ठेवलं होतं. कोरी थोरलीकडे असं बघत होती की सूप चमच्यातून परत वाटीत सांडत होतं.

धाकटी स्वयंपाकघरात, अर्धवट लावलेल्या दारामागे, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसली होती.

"ग्रुप न्यायचा म्हणजे काय, सगळ्यांवर डोळा ठेवावा लागतो," थोरली पाव मोडत सांगत होती. "सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालायचं. माझा नियमच आहे. वाट फुटली की थांबायचं."

लॉजवालीनं बटाट्यांचं भांडं टेबलावर जरा जोरातच आदळलं.

फोन वाजला. थोरलीला फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची सवय. घरचं कौतुक चार लोकांच्या कानावर पडलं पाहिजे.

"हां भावजी, बोला!"

"वहिनी, तिला द्या ना जरा. चिंगी ऐकत नाहीये."

थोरलीचा पाव हवेतच राहिला. "अहो, ती... आंघोळीला गेलीय."

"मग थांबतो मी."

"नको, वेळ लागेल. केस धुवायचेत म्हणाली."

"पण सकाळी तुम्ही म्हणालात बाजारात गेलीय."

"हो मग! बाजारातून आली आणि आंघोळीला गेली. माणसानं आंघोळ करू नये का?" ती हसली. तिचं बघून कोरीही हसली.

मॅनेजरनं मान वर केली. "तुमच्याबरोबर आणखी कुणी आहे? मला तर म्हणालात, हा टप्पा एकटीनं केला."

थोरलीनं त्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं. तेवढ्यात फोनमधून बसलेल्या घशाचा बारीक आवाज आला.

"काकू, आई कुठाय?"

"येते हं बाळा आई," थोरली म्हणाली. आवाजात साखर पेरलेली. "येतेच आत्ता."

"आले," धाकटी दारातून म्हणाली.

ओल्या पायांचे ठसे उमटवत ती टेबलापर्यंत आली, फोन उचलला. "चिंगे, आई आली गं. उद्या बाबा तुला घेऊन येतील इकडे. हो, खरंच. आई जागीच आहे." मग फोन टेबलावर उलटा ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चिंगीला गोष्ट सांगते तशी, एकापुढे एक, कपारीपर्यंत.

थोरली पांढरी पडली. पण तिला सावरायला वेळ लागत नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

"अगं पण तूच नाही का म्हणालीस, व्हा पुढे, मी येते?"

"म्हणाले. मग?"

"मग काय? आपण घरातून निघताना काय म्हणतो? येते म्हणतो. जाते असं कुणी म्हणतं का? रोज पोरीच्या आठवणीनं मुसमुसत होतीस. मला वाटलं, कंटाळलीस, परत फिरलीस. मी म्हटलं, निरोप घेतला हिनं." तिनं टेबलाकडे बघून हात पसरले. "आता यात माझं काय चुकलं, सांगा!"

आणि टेबलावरच्या एक-दोन माना खरोखरच हलल्या. मॅनेजर म्हणाला, "धुक्यात होतात असे घोटाळे." कोरी हळूच म्हणाली, "मला वाटतं, दोघींचंही थोडं थोडं..."

"परत फिरले असं वाटलं, तर घरी मी झोपलेय असं का सांगितलंत?"

"काळजी करत बसले असते. तुझ्याच घरच्यांसाठी केलं."

"आणि मला एकटी म्हणालात," लॉजवालीनं दारातूनच विचारलं, "ते कुणाच्या घरच्यांसाठी?"

मॅनेजरनं खुर्ची मागे सरकवली. "ग्रुपचं आपण नंतर बघू, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या 'नंतर'चा अर्थ सगळ्यांना कळला.

थोरली उठली. धाकटीच्या जवळून जाताना थांबली. आता म्हणेल, धाकटीला वाटलं. चुकलं म्हणेल. एवढं म्हणाली तर मी सोडून देईन.

"पोहोचलीस ना सुखरूप?" थोरली म्हणाली. "मग झालं तर."

मग झालं तर. त्या तीन शब्दांनी धाकटीच्या मनात नागिणीनं डूख धरावा तसं काहीतरी वेटोळं घालून बसलं.

सकाळी उजाडता उजाडता थोरली ओसरीवर सामान भरत होती. तिला पुढचा टप्पा करायचाच होता, करून दाखवायचाच होता. कोण म्हणतं मला ग्रुप नेता येत नाही? तंबूचं कापड तिनं नीट गुंडाळलं, शेगडी ठेवली, गॅसचा नवा डबा घेतला. धाकटी बाकावर बसून चहा पीत होती. तिच्या पायाशी तिची सॅक, आणि सॅकच्या कडेच्या कप्प्यात, टॉवेलखाली, तंबूच्या दांड्या. कमानीसारख्या वाकणाऱ्या, एकमेकींत बसणाऱ्या. त्यांच्याशिवाय तो तंबू म्हणजे ओल्या जमिनीवर टाकलेली चादर.

थोरलीला त्यांची आठवण होणं शक्यच नव्हतं. दांड्या नेहमी मागचीच्या पाठीवर असायच्या. मुक्कामाला पोहोचलं की ती नुसता हात मागे करायची, "दे गं," आणि हातात दांड्या पडायच्या.

"माझं काही राहिलं नाही ना?" थोरलीनं पट्टे आवळत विचारलं.

"तुमचं काहीच राहिलं नाही, ताई."

थोरलीला तो टोमणा वाटला. "राग ओसरला की समजेल तुला," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. मागे वळून बघितलं नाहीच.

धाकटीनं कप खाली ठेवला. संध्याकाळी वरच्या पठारावर, वारा सुटलेला असताना, ती कापड पसरेल. सवयीनं हात मागे करेल. दे गं. आणि मागे कुणी नसेल. एक रात्र, एकच, जशीच्या तशी. ते चित्र धाकटीनं मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते आणखी गोड लागलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली. तिनं अंडी मागवली, पाव मागवला, वर आणखी पाव मागवला.

तोंडात घास असतानाच कोरी धावत आली. टोपीचा कागद अजून लटकतच होता.

"येते हं, ताई!"

कोरीची सुट्टी संपत आलीय, सकाळच्या बसनं ती घरी जायचीय, असं आदल्या दिवशी लॉजवालीकडून धाकटीच्या कानावर आलं होतं. मन तर तिचं पठारावर होतं. "ये, ये," ती घास चावत म्हणाली.

दुकानं उघडली, बस येऊन गेली. लॉजवाली चादरी बदलत खोल्यांतून फिरत होती. एका खोलीच्या दारातून ती म्हणाली, "ही बघ, पोरीनं तंबू इथेच टाकला. नवा कोरा! चिठ्ठीसुद्धा काढली नाही."

"बसमध्ये कशाला लागेल तंबू," धाकटी म्हणाली.

"कसली बस? ती गेली ना तुझ्या जावेबरोबर. कोपऱ्यावर बूटवाल्यापाशी भेटायचं ठरलं होतं त्यांचं. रजा वाढवून घेतली म्हणे रात्री फोन करून. मॅडम फुकट नेतायत, तंबूही मॅडमचाच, तू ओझं कशाला वाहतेस म्हणाल्या." लॉजवालीनं उशी झटकली. "मी सांगितलं गं तिला. म्हटलं, त्या बाईच्या मागून चालू नकोस. हसली. तिला वाटलं, म्हातारी काडी टाकतेय."

धाकटी उठायला गेली आणि घोट्यानं तिला परत खाली बसवलं.

मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, वर फोन लागत नाही. उद्या एक ग्रुप जाणार आहे, त्यांच्याकडे दांड्या देऊ. मग उगाच धीर द्यायला म्हणाला, "थंडी लागली तर येतील परत." परत? थोरली? फोन ठेवल्यावरही धाकटी पठाराकडेच बघत होती. पठारावर धुकं उतरायला लागलं होतं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.

तेव्हापासून ती लॉजच्या पायरीवर बसून आहे. मांडीवर दांड्या, पाय खुर्चीवर. नवरा चिंगीला घेऊन निघालाय, पण तिची नजर रस्त्याच्या त्या टोकाला नाही. थोरलीबद्दल तिला आत्ताही काही वाटत नाही. ती कुडकुडली तर खुशाल कुडकुडू दे. सुडाचा तो गोड घास धाकटीनं अजून थुंकून टाकलेला नाही. पण ती किमतीचा कागद लटकलेली टोपी काही डोळ्यांपुढून हलत नाही. कुणाच्या तरी घरी कुणीतरी त्या पोरीच्याही नाकाशी बोट धरून श्वास बघितला असेल. कुणाच्या पाठीवर सॅक दिसली की ती त्या माणसाला थांबवते आणि सांगते.

तुम्हीही त्या बाजूला निघाला असाल तर एवढं करा. निळ्या जॅकेटवाली बाई दिसली तर तिला काही विचारू नका. ती सगळं ठीक आहे म्हणेल, आणि खणखणीत आवाजात म्हणेल. तुम्ही तिच्या मागे बघा. मागे एक मुलगी असायला हवी, कोरे बूट, टोपीला लटकणारा किमतीचा कागद. नसेल, तर वाट फुटते तिथे थांबा आणि हाक मारा. धुक्यातून "व्हा पुढे, मी येते" असं उत्तर आलं, तरी पुढे जाऊ नका. ती डोळ्यांना दिसेपर्यंत थांबा.